अर्बाबच्या घरची बशी

सीब, ४ मे २०१८

पूर्वा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो न लिहिताही असतो.

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो. कागदावर दोघांनाही गप्प बसून राहावं लागतं. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इथे शाळेच्या बसमध्ये तुम्ही पोरं भांडायचात तेसुद्धा इंग्रजीत. म्हणूनच मुद्दाम मराठीत लिहितो आहे. वेळ लागू दे. कुठे अडलीस तर आईला विचार. ती तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात नळ सोडून बोलते. इथे ओमानात समुद्राचं पाणी गोड करून नळाला आणतात आणि ती ते माझ्यापासून आवाज लपवायला वाहू देते.

काल मात्र तिने नळ बंद केला आणि बाहेर येऊन मला सांगितलं, की तुमच्याकडचं, त्या डॉलरच्या देशाचं, सरकार नेपाळच्या लोकांची सवलत बंद करणार आहे. भूकंपानंतर त्यांना सांगितलं होतं, तुमचा मुलूख सावरेपर्यंत राहा, तोवर परत पाठवणार नाही. ते आता पुढच्या जूनपर्यंत. म्हणजे नवराजही पुढच्या जूनपर्यंत.

त्याचं नाव मी पहिल्यांदाच लिहितो आहे. अक्षर बरं आलं आहे.

मी काय म्हणालो होतो ते तुला पाठ असेल. ज्याच्या राहण्याला तारीख आहे त्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही. आणि तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या तिथे राहायच्या कार्डावर तारीख नाही का?" त्यावर माझं उत्तर तयार होतं, पण फोन तोवर ठेवला गेला होता, आणि नंतर तुम्ही लग्नही करून टाकलंत. उत्तर राहून गेलं. ते आता देतो.

माझ्या कार्डावर तारीख आहे, पण ती कामाची आहे, दयेची नाही. हा फरक आहे आणि तो लहान नाही. नववीतून शाळा सोडून मी मालवणच्या बर्फाच्या फॅक्टरीत भुसा पसरायला लागलो. मला कोणी काही शिकवलं नाही. कॉम्प्रेसरच्या पत्र्याला कान लावून मी तो शिकलो. आज बरकाच्या मासळी बाजारात जो बर्फ जातो तो माझ्या हातचा असतो. पाणी गोठत असताना त्यात हवेची नळी सोडून ते हलतं ठेवावं लागतं. नाहीतर मळ आणि बुडबुडे मधे कोंडतात आणि लादी पांढरी पडते. शेवटी शेवटी लादीच्या पोटातलं गढूळ पाणी उपसायचं आणि ताजं भरायचं. आळशी माणूस हे करत नाही, कारण पांढऱ्या लादीनेही मासा गारच राहतो. माझ्या लादीपलीकडे वर्तमानपत्र धर, मथळा वाचता येतो. बर्फखान्याचा मालक, अर्बाब खल्फान, माझं कार्ड दर खेपेला नवं करतो ते या लादीसाठी. त्याची मेहेरबानी नाही.

एवढंच सांगायचं होतं. हवा तापू लागली आहे. आईचा गुडघा बरा आहे.

बाबा


सीब, १९ जून २०१८

पूर्वा,

तुझं उत्तर नाही. ठीक. मीही तुझ्या लग्नानंतर बराच काळ लिहिलं नव्हतं.

ईद झाली. अर्बाबकडे जाऊन आलो. परत येताना गाडीत आईने विषय काढला. तुला तिची भाषा माहीत आहे.

"तुमी खल्फानाक इचारा," ती म्हणाली. "नवराजाक हंय बोलवून घ्या म्हणा. थंय नको झालो तर हंय येऊंदे. बर्फखान्यात नायतर खंय पण."

मी म्हटलं, मी कोणाकडे काही मागितलेलं नाही.

"ठावक असा माका. बशी सोडून."

जावयाचं धरून ती पुढे म्हणाली, "चेडवाच्या घोवासाठी मागलात तर नाक कापला जातला काय?"

बशीची गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस. पण तू ती चुकीची सांगतेस. अल हैलला राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना तू सांगायचीस की बाबांनी अर्बाबकडे चहा मागितला. चहा नव्हे. नवराजला सांगायची असेल तर अशी सांग:

मी इथे नवा होतो. ईदला शरीफ ड्रायव्हर, रत्नागिरीचा, मला खल्फानच्या वडिलांच्या घरी घेऊन गेला. ते वाळवंटाकडचं जुनं घराणं. बैठकीत भिंतीला टेकून सगळे बसलेले, मधे खजूर आणि हलवा. एक जण उभा राहून बिनकानाच्या चिमुकल्या कपात कॉफी ओततो. माझी बोटं पोळली. आपल्याकडे गरम काही आलं की बशीत ओतायचं, फुंकायचं आणि प्यायचं. मी कप समोर सतरंजीवर ठेवला आणि इकडेतिकडे बशी शोधू लागलो.

सगळी बैठक चिडीचूप. मला वाटलं काही सांडलं की काय.

त्या घराची चाल अशी, की पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला तर त्याला काहीतरी मागायचं आहे. आणि घरवाल्याने ते देऊ केल्याशिवाय तो कप उचलत नाही. माणसं असा कप ठेवून खून माफ करून घेत. मुलगी मागत. हे मला कुठून माहीत असणार! म्हाताऱ्याने पुढे झुकून विचारलं, आणि शरीफने घाबरत घाबरत मला सांगितलं, "रामकृष्णभाऊ, ते म्हणतायत, काय हवं ते माग."

मी म्हटलं, "बशी."

शरीफने ते अरबीत सांगितलं. खजुराची एक छोटी काचेची ताटली रिकामी करून माझ्यापुढे आली, आणि मी तीत कॉफी ओतून फुंकून प्यायलो. म्हातारा इतका हसला की त्याचं मुंडासं सुटलं. मग डोळे पुसत म्हणाला, "हिंदी, ताटली ही काही मागणी झाली नाही. तुझी मागणी माझ्या घरात राहिली. हवी तेव्हा ये."

तेव्हापासून दर ईदला मी बसायच्या आधी ती ताटली माझ्या जागेपुढे ठेवलेली असते. बाजारात मला अबू सहन म्हणतात, म्हणजे ताटलीवाले बाबा. हसत म्हणतात, पण मान देऊन म्हणतात. आणि मी ती राहिलेली मागणी कधी उचलली नाही. अर्बाबने आपणहून दोनदा विचारलं, बरकाला स्वतःचं दुकान टाकतोस का, माझ्या नावावर? मी नको म्हटलं. ज्याची मागणी राहिलेली असते तो बैठकीत ताठ बसतो. मागून टाकली की तो इतरांसारखा होतो.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. विचार करतो आहे.

बाबा


सीब, २७ जुलै २०१८

पूर्वा,

आईला हो म्हणालो आहे. बकरी ईदला विचारीन. तिने तुला सांगितलं असेलच, कारण त्या दिवशी नळ बराच वेळ चालू होता.

तू "नको" म्हणालीस असंही कळलं. "बाबांनी माझ्यासाठी मागायचं नाही," असं म्हणालीस म्हणे. हे ऐकून मला राग यायला हवा होता. तो आला नाही. हा हट्ट कुठून आलाय ते मला दिसलं.

आता इथली एक गोष्ट. महमूद नावाचा एक यमनी आहे. हुदैदाच्या बाजूच्या कोळीवाड्यातला. इथे एका म्हाताऱ्या ओमानी मालकाच्या होडीवर होता आणि रोज आमच्याकडे बर्फ न्यायला यायचा. पहिल्या दिवशी त्याने लादीवर बोटाच्या गाठीने टकटक केली, कान लावला आणि मला म्हणाला, "रामकिशन, ये बर्फ नहीं है. ये तो दूध है."

माझ्या बर्फाला! मी त्याला बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी हातात वर्तमानपत्र घेऊन उभा राहिलो. त्याने लादीपलीकडून मथळा वाचला, अरबी होता, मोठ्याने वाचला, आणि म्हणाला, "खबर खराब है. बर्फ ठीक है." मथळा त्याच्याच देशाचा होता.

तेव्हापासून त्याची माझी अशी दोस्ती, की रोज भांडण. त्याच्या मते आम्ही हिंदी लोक मासा तिखटात बुडवून दुसऱ्यांदा मारतो. माझ्या मते ते लोक मासा नुसता जाळतात.

त्याच्या मालकाने होड्या विकल्या. पोरांना समुद्र नको, मस्कतला ऑफिस हवं. मालक भला माणूस, दुसरीकडे जायला हरकत नाही असं लिहून दिलं. पण आपल्या नावावर कामाला घेणारा दुसरा मालक हवा. नाही मिळाला तर महमूदला निघावं लागेल, आणि निघायचं म्हणजे हुदैदाला. तिथे गेल्या महिन्यापासून बंदरासाठी लढाई चालू आहे. त्याच्या घराचं छप्पर गेलं, बायको-पोरं डोंगरात तिच्या माहेरी आहेत. आमच्या बाजारात कोणी म्हणतो यमनवाल्यांना सध्या ढील आहे, कोणी हटकत नाही. कोणी म्हणतो तसलं काही नाही, परवाच एकाला सीमेवर नेऊन सोडलं. ऑफिसात विचारलं तर उद्या या म्हणतात.

मी अर्बाबपाशी विषय काढला. मागणी म्हणून नव्हे, कामाचं बोलावं तसा. अर्बाब म्हणाला, "रामकृष्ण, बर्फखान्यात आहेत तीच माणसं जास्त आहेत. तूच म्हणतोस, अर्धे झोपा काढतात." हे मी म्हटलेलं आहे. खरंही आहे.

महमूदला सांगायला गेलो तर तो जाळं विणत होता. विकलेल्या होडीचं जाळं, उगाच विणत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला कोणी सांगितलं विचारायला?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मग नको विचारू. मी हात पसरलेला नाही. जायचं तर जाईन. मी मरायला घाबरत नाही रामकिशन, पण तिथे गेलो की मी खाणारं आणखी एक तोंड होईन. इथे आहे तोवर ती सगळी तोंडं माझ्यावर जगतात."

एवढं बोलून जाळं उचलून चालू लागला. मी मागून ओरडलो, "महमूद, गाठ चुकवलीस!" तो वळला, गाठ पाहिली. चुकलेली नव्हती. मला फक्त त्याला वळवायचं होतं.

हे तुला का लिहितो आहे मला माहीत नाही. बकरी ईदला नवराजचं विचारीन. शब्द दिला आहे.

बाबा


सीब, २४ ऑगस्ट २०१८

पूर्वा,

हे पत्र बसून वाच. आईने तुला काही सांगितलं असेल तर ते रागात सांगितलं असेल. मी जसं घडलं तसं लिहितो.

ईदच्या दिवशी सकाळीच अर्बाबकडे गेलो. महमूद माझ्याबरोबर होता. मीच म्हटलं होतं, जाण्याआधी एकदा चांगल्या घरचं जेवून जा. तो अर्बाबसाठी किंगफिश घेऊन आला होता, एवढा मोठा की शेपटी टोपलीबाहेर. रिकाम्या हाताने येणाऱ्यातला तो नाही. बैठकीत तो दाराजवळ बसला. माझी जागा वर, अर्बाबच्या डाव्या बाजूला, आणि समोर नेहमीची ताटली.

आई आत बायकांत गेली. तिने काय केलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कॉफी आली. मी कप हातात घेतला. सगळ्यांना वाटलं आता हा ताटलीत ओतणार. मी कप सतरंजीवर ठेवला. ताटलीच्या बाहेर, वेगळा.

शेजारचा एक जण हसला, "अबू सहन, ताटली बाजूलाच आहे की!"

मी म्हटलं, "ताटली नको."

मग तीच शांतता. पहिल्या वेळची. फरक एवढाच की आता तिचा अर्थ मला कळत होता. अर्बाब खल्फानने वडिलांसारखं पुढे झुकून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाला, "मला माहीत आहे. तुझा जावई, नेपाळचा. तुझ्या बायकोने माझ्या बायकोला सगळं सांगितलं. कागद पाठवायला सांग, माझ्या मस्कतच्या गोदामात जागा करतो. झालं समज. यल्ला, कॉफी पी."

बघ, पूर्वा. मला मागावंही लागलं नाही. आईने वाट तयार करून ठेवली होती. मला नुसता कप उचलायचा होता.

मी उचलला नाही.

मी म्हटलं, "अर्बाब, जावयासाठी नाही."

अर्बाबच्या भुवया वर गेल्या. मी दाराकडे हात केला. "या माणसासाठी. याला तुमच्या नावावर घ्या. याला हुदैदाला पाठवू नका."

महमूद ताडकन उभा राहिला. "रामकिशन, मी सांगितलं होतं..."

"बस खाली," मी म्हटलं. "कप माझा आहे. तुझा नाही."

अर्बाबने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बर्फखान्यात जागा नाही हे मी तुला सांगितलंय."

"जागा नाही म्हणूनच मागतो आहे. असती तर मागावं लागलं नसतं."

"दोन मागण्या होत नाहीत, रामकृष्ण. ही केलीस की ती गेली. जावयाचं मग माझ्या दारात आणायचं नाही."

"माहीत आहे."

"तुझ्या मुलीचा नवरा, आणि हा कोण तुझा?"

आता मी जे बोललो ते तू दोनदा वाच. मी त्याचा आधी विचार केलेला नव्हता. तोंडातून आलं तेव्हाच मलाही कळलं. मी म्हटलं, "अर्बाब, नवराज माझ्या घरचा माणूस आहे. घरच्यासाठी मागणं म्हणजे स्वतःसाठी मागणं. स्वतःसाठी मी कधी मागितलेलं नाही. तुमच्या वडिलांनाही ते ठाऊक होतं. हा परका आहे. परक्यासाठी मागायला मला लाज नाही."

कॉफी ओतणारा किटली तिरपी धरूनच उभा. अर्बाब बराच वेळ कपाकडे बघत होता. मला वाटलं, नाही म्हणेल. व्यवहार बघितला तर नाहीच म्हणायला हवं होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं.

मग त्याने महमूदला विचारलं, "काय येतं तुला?"

महमूद म्हणाला, "मासे मारता येतात. जाळं विणता येतं. आणि याचा बर्फ कधी खराब होतो ते ओळखता येतं. हा स्वतः कधी कबूल करत नाही."

अर्बाब हसला. मोठ्याने नव्हे. म्हणाला, "मागणी माझ्या वडिलांच्या घरात राहिली होती. वडील गेले, घर तेच आहे." मग माझ्याकडे बोट करून, "खलास. दिलं. पी आता, गार झाली."

मी प्यायलो. गार कॉफी कडू जहर लागते. पण ताटलीत न ओतता, कपानेच प्यायलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझी जागा अजून वरच आहे, पण पुढच्या ईदला समोर ताटली असेल की नाही सांगता येत नाही. बैठकीत आता माझं काही राहिलेलं नाही. तरी सांगतो, परत येताना मी ताठ होतो. शरीफ गाडी चालवत होता, म्हणाला, "भाऊ, आज तुम्ही सीट मोडणार."

आई मागे बसली होती. घरात शिरताना म्हणाली, "परक्यासाठी मागलात. आपल्या पोराक ठेवलात तसोच." मी म्हटलं, ऐक तरी. तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. फोन न लावताच सोडला.

तुझ्या नवऱ्याची एक वाट मी बंद केली. हे लपवत नाही. त्याच्यापाशी जूनपर्यंतचा वेळ आहे, तुझ्या देशातली कोर्टकचेरी आहे, तू आहेस. महमूदपाशी त्या दिवशी एक मासा होता आणि तोही त्याने देऊन टाकला होता. मी हिशेब असा केला. तुला चूक वाटला तर तसं लिही. पण लिही.

बाबा


सीब, १४ सप्टेंबर २०१८

पूर्वा,

महमूदचं कार्ड हातात आलं. त्याच्यावर दोन वर्षांनंतरची तारीख आहे. त्याने ते मला दाखवलं आणि म्हणाला, "तुझ्या बर्फापेक्षा साफ आहे." फोटोत मात्र तो असा दिसतो की जणू कोणी त्याची होडी चोरली.

त्याला लादी शिकवतो आहे. लादीच्या पहिल्या डब्यात हवेची नळी वर उचलायची विसरला, ती गोठून आतच राहिली. दुसरी दुधासारखी निघाली. मी त्याच्यापुढे वर्तमानपत्र धरलं, वाच म्हटलं. त्याने लादीला डोळा लावून हुदैदाची सगळी बातमी मला वाचून दाखवली. लढाई थांबली, बंदर उघडलं, बोटी लागल्या, त्याच्या बायकोच्या घरी पीठ पोचलं. त्या लादीतून पांढऱ्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मी ऐकून घेतलं. मग लादी फोडायला लावली. खराब माल माझ्या नावाने बाहेर जाणार नाही, बातमी कितीही चांगली असो.

आईचं अजून तोंड फिरलेलंच आहे. पण परवा महमूदने घरी बांगडे आणून दिले तर तिने त्याला बसवून तिखलं आणि भात वाढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तिखटाने. "मासो मारतंव म्हणे आमी दुसऱ्यांदा," आई त्याच्या पानात आणखी वाढत म्हणाली. मीच कधीतरी तिला ते सांगितलं असणार. त्याला शब्द कळले नाहीत, पण खाल्लं सगळं. जाताना तिच्यापुढे वाकला. ती दाराआड गेली आणि मला म्हणाली, "ह्याच्या बायलेक फोन लागता काय, इचारा." मग मला आठवून पुन्हा तोंड फिरवलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या कार्डावर तारीख आहे. महमूदच्या आहे. नवराजच्या आहे. हे तू मला सांगितलं होतंस. मी कबूल करत नाही. नुसतं लिहिलं आहे.

कामाची तारीख आणि दयेची तारीख यातला फरक मी तुला पहिल्या पत्रात समजावला होता. तो फरक आहेच. पण महमूदचं कार्ड हातात धरून मी बराच वेळ बघत होतो. कार्ड दोन्हीकडून पाहिलं. कुठली तारीख कसली, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

नवराज काय काम करतो, हे मी आईला आज विचारलं. दुसऱ्यांच्या घरांची छपरं घालतो म्हणाली. ज्याच्या आईबापाचं घर भूकंपात बसलं, तो छपरं घालतो. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ते वेगळं. त्याला विचार, पन्हळीला उतार किती देतो. पत्रा एकमेकांवर किती चढवतो. मला छपराचं कळतं, मालवणचा पाऊस काही कमी नसतो. तो चुकत असेल तर मी सांगीन. चुकत नसेल तरीही ऐकायला आवडेल.

शुक्रवारी मी घरी असतो. माझा आवाज चढणार नाही. फोन मी करणार नाही, ती माझी रीत नाही. वाजला तर मीच उचलीन. आईला उचलू देणार नाही.

हे लिहीत असताना तिने चहा आणून ठेवला. रागात आहे, म्हणून बशी दिलेली नाही.

मागितली नाही. कप टेबलावर आहे, भरलेला. मी हात लावलेला नाही.

तुला त्या घराची चाल ठाऊक आहे.

चहा निवतो आहे.

बाबा